मोहाखालची पाणपोई

ब्रह्मपुरीहून वैनगंगेकडे निघालं की डाव्या हाताला एक वळण होतं. होतंच म्हणायचं, कारण आता रस्ता सरळ केलाय. भाच्याने गाडी थांबवली ती मी ओरडले म्हणून. वळणाच्या जागी एका कुंभाराने कडेला रांजण मांडले होते, तांबडे, मोठ्या पोटाचे, नुकतेच पाणी शिंपडलेले.

"मावशी, रांजण काय करायचाय तुला? घरी फ्रीज आहे ना?" भाचा म्हणाला.

मी गाडीतून उतरले. वाकून एका रांजणात तोंड घातलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने भर रस्त्यावर हे करू नये, हे मलाही कळतं. पण ओल्या मातीचा तो गारेगार वास नाकात शिरला आणि मला पुन्हा वर यावंसं वाटेना. कुंभार आपला गिऱ्हाईक समजून म्हणाला, "बाई, झाड लावाले पाह्यजे का? खाली भोक पाडून देतो."

"भोक नको रे बाबा," मी रांजणातूनच म्हणाले.

इथेच मोहाचं झाड होतं. त्याच्याखाली तीन रांजण मांडून माझी आई उन्हाळेच्या उन्हाळे उभी राहिली. पहिल्या उन्हाळ्यात मी चौदा वर्षांची होते आणि मला तिची भयंकर लाज वाटत होती.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं दहा-बारा. आजोबांच्या पिढीने धर्म बदलला होता. गावाच्या लेखी बाकी काहीच बदललं नव्हतं. घरं गावाबाहेर होती ती गावाबाहेरच राहिली, फक्त त्यांच्या मधोमध एक कौलारू देऊळ उभं राहिलं. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. त्याला घंटा नव्हती. बल्लारपूरहून कुणीतरी रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा आणला होता, तो लिंबाला टांगलेला असे. त्याच्यावर लोखंडी खुंटीने ठण ठण केलं की रविवार सुरू व्हायचा. बाया निळीत बुडवून वाळवलेल्या पांढऱ्या लुगड्यांत यायच्या. शनिवारी सारवलेली जमीन पुरती वाळलेली नसायची. शेणाचा ओला वास, कुणाच्या केसांतलं खोबरेल, आणि चैत्र लागायच्या सुमाराला बाहेरून येणारा मोहफुलांचा गोड, डोक्यात चढणारा वास. आमचे पाळकबाबा नगरकडचे. ते या वासाला फार भीत. मोहाची दारू होते हे त्यांना कळलं होतं, त्यामुळे फुलांच्या नुसत्या वासानेही मंडळी बिघडतील असं त्यांना वाटे. मंडळी मात्र त्या वासात सुखाने पेंगायची.

पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधीचे चाळीस दिवस आले की आमच्याकडे एक रीत होती. बाकीच्या गावी लोक काहीतरी सोडतात, कुणी मटण, कुणी विडी. आमच्याकडे सोडण्यासारखं कुणाच्या घरात फारसं नव्हतंच. म्हणून आमची मंडळी काहीतरी उचलायची. पाळकबाबा एकेका सेवेचं नाव घ्यायचे, म्हणजे देवळाचं सारवण, आजाऱ्यांची विचारपूस, म्हाताऱ्यांसाठी सरपण. आणि मग सगळे डोळे मिटून गप्प बसायचे. ज्याला आतून बोलावणं येईल त्याने उभं राहायचं. नाव सांगायचं नाही, हात वर करायचा नाही, नुसतं उभं राहायचं. आणि एकदा उभं राहिलेल्या माणसाने 'आमेन' म्हणेपर्यंत खाली बसायचं नाही, कारण तो देवासमोर उभा असतो; आणि 'आमेन' झालं की ती सेवा त्याची, मागे फिरणं नाही.

त्या वर्षी पाळकबाबांनी नवीनच सेवा काढली होती. नदीच्या वाटेवर पाणपोई. कागद कारखान्यासाठी जंगलातून बांबूच्या गाड्या भरभरून निघायच्या. गाडीवान, बाजाराला जाणारे, तेंदूपाला तोडणारे, सगळे त्या वळणावरून जायचे, आणि मैल-मैल पाण्याचा थेंब नाही. "तहानलेल्याला पाणी देणं याहून सोपी उपासना नाही," पाळकबाबा म्हणाले. नगरकडच्या माणसाला ते सोपं वाटलं. सगळ्यांनी डोळे मिटले. कुणी हलेना. बाहेर एक होला घुमत होता तेवढंच.

आणि माझी आई ताडकन उभी राहिली.

माझी आई! चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नसे तिच्या. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर, बोलायचं सगळं काम त्यांच्याकडे. ही आपली पदर दातात धरून मागे. गाण्यातही तिचा आवाज शेजारणीला ऐकू यायचा नाही. ती उभी राहिली, आणि पाळकबाबांचे डोळे भरून आले. बाबांनी पुरुषांच्या बाजूने मान वळवून असं पाहिलं, जसं काही लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते. "आमेन!" सगळं देऊळ गरजलं.

मी तिच्या शेजारीच बसले होते. मी डोळे मिटलेले नव्हते, कधीच मिटायचे नाही. त्यामुळे चटईच्या कडेने आलेला लाल मुंगळा मी पाहिला होता. तो तिच्या पोटरीला कुठे आणि कसा डसला, तेही पाहिलं होतं.

"अवो माय, सांग ना त्यायले," घरी जाताना मी म्हणाले. "मुंगळा चावला म्हून सांग."

"गप वं," आई पोटरी चोळत म्हणाली. "उभी राह्यली ना मी देवासमोर. आता बसाचं कसं?"

दुसऱ्या दिवसापासून गावाने आमचं जिणं हराम केलं. त्याच हिवाळ्यात देशात पहिल्यांदा मतं पडली होती. भिंतींवरच्या निशाण्या अजून पुसल्या नव्हत्या, आणि 'उभं राहणं' या शब्दाचा गावात एकच अर्थ होता. चावडीपुढून जाताना कुणीतरी हमखास विचारायचं, "काऊन गं मास्तरच्या पोरी, तुही माय उभी राह्यली म्हंते? निशानी कोनती घेतली?" आणि दुसरा लगेच, "रांजन घेतला, रांजन! डिपाझिट जाईन बाप्पा तिचं!" मी मान खाली घालून पळत सुटायचे. घरी येऊन आईवर चिडायचे. आई हसायची. चिडवणाऱ्यांवर ती कधी रागावली नाही, आणि त्याचाही मला राग यायचा.

पाणपोई सुरू झाली. बाबांनी मोहाखाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा आणि बांबूचा मांडव घातला. तीन रांजण रेतीत पुरले, वरून ओलं गोणपाट. आईने जंगलातून वाळ्याच्या मुळ्या आणून पाण्यात सोडल्या. ओतायला लांब दांड्याचं ओगराळं. मिशनच्या आवारातल्या विहिरीतून ती पहाटेपासून खेपा करायची, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, कडेवर दुसरी. सूर्य कासराभर वर यायच्या आत तिन्ही रांजण काठोकाठ भरलेले असायचे. मग ती पदर सारखा करून उभी राहायची. चांद्याकडचं ऊन ज्याने खाल्लंय त्यालाच ते ठाऊक. दहा वाजता रस्ता हलायला लागायचा, पळसाची पानं सुद्धा दमून लोंबायची. त्या रखरखीत वळणावर वाळ्याचा वास सुटलेला असायचा. दुरून येणाऱ्याची पावलं त्या वासाने जलद व्हायची, हे मी स्वतः पाहिलं आहे.

गाडीवान गाडी थांबवायचा. खाली उतरायचा. उपरण्याने तोंड पुसत मांडवाजवळ यायचा, ओंजळ करायला हात पुढेही करायचा. आणि मग विचारायचा, "पानी कोनाचं, बाई?"

आई पहिल्या दिवशी म्हणाली, "हिरीचं."

"तसं नाई. कोनाचं?"

मग आईला कळलं. "आमचं," ती म्हणाली. "किरिस्तावाचं."

गाडीवानाने वाईट शब्द काढला नाही. तो नुसता म्हणाला, "असं का. पाजलंच म्हना, बाई," आणि सुकल्या ओठांवरून जीभ फिरवत परत गाडीवर चढला. तो वाईट माणूस नव्हता. पुढच्या गाडीचा गाडीवानही वाईट नव्हता. संध्याकाळपर्यंत एकही वाईट माणूस आला नाही आणि तिन्ही रांजण काठोकाठ भरलेले राहिले.

सूर्य कलला की आई ते सगळं पाणी मोहाच्या बुडाशी ओतायची. शिळं पाणी उद्या कुणाला द्यायचं नाही, असा तिचा नेम. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा खेपा. दहा दिवस, पंधरा दिवस. मोह मात्र मजेत होता. शेळ्या यायच्या, साळुंक्या यायच्या, एकदा एक मुंगूस येऊन गोणपाट चाटून गेलं. "मुंगसाची जात कोनती गं?" आईने मला विचारलं होतं. मी हसले नाही. मी तेव्हा शाळेतल्या मैत्रिणींबरोबर त्या वाटेने जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जायचे, आणि आईने हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करायचे. ती पुढे पुढे हाक मारेनाशी झाली. हे आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

बाबांनी आडून सुचवलं, आपण सारे विसरून जाऊ, मी पाळकबाबांशी बोलतो. पाळकबाबांना अजून काही कळलेलंच नव्हतं. ते दर रविवारी आनंदाने विचारायचे, "काय बाई, किती जीव तृप्त झाले?" आणि आई पदर दातात धरून खाली बघायची.

तिने कारण शोधून काढलं होतं, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक असलेलं कारण नव्हतं. एका संध्याकाळी तांदूळ पाखडताना ती आपल्याशीच बोलावं तसं म्हणाली, "मले कोनी बोलावलंच नवतं ना. म्हून माह्या हातचं पानी कोनी पेत नाई."

"माय, ते त्याच्यानं नाई," मी म्हणाले. "ते आपल्या जातीनं..."

"ते तं हायेच," आई म्हणाली. "ते का मले ठाऊक नाई? पन देवाचं बोलावनं असतं तं त्यानं त्याच्यातूनई रस्ता काढला असता."

चौथ्या रविवारी, शास्त्रवाचन झाल्यावर, आई उभी राहिली. या वेळी मुंगळा नव्हता. मी सगळी चटई नीट पाहिली होती. तिने पदर दातातून काढला.

"पाळकबाबा, मले बोलाचं हाये."

पेंगणारे जागे झाले.

"त्या दिवशी मले देवानं नाई उठवलं जी. मुंगळ्यानं उठवलं."

मग मागे कुणीतरी खुदकन हसलं, आणि सगळं देऊळ फुटलं. बाया तोंडाला पदर लावून डोलायला लागल्या. बाबासुद्धा हसत होते. पाळकबाबा तेवढे हसले नाहीत. आई हसू ओसरेपर्यंत थांबली, शेतातली बाई वाऱ्याची वावटळ जाऊ देते तशी, आणि पुढे म्हणाली:

"एक महिना झाला, माह्या हातचं पानी कोनी नाई पेलं. एकानं बी नाई. बोलावनं दुसऱ्या कोनाचं असन, अन् मी मधातच उभी राह्यली. ज्याचं असन त्यानं उठावं जी. रांजन हायेत, वगराळं हाये. सारं धुऊन ठेवलं."

आता हसायला कुणी नव्हतं. पाळकबाबांचा चेहरा उतरला होता. महिनाभर तृप्त जिवांची गणती विचारणाऱ्या माणसाला, पाणी कोणी प्यायलं नाही म्हणजे काय, हे त्या मिनिटात कळलं असावं. त्यांनी डोळे मिटले. आम्ही सगळ्यांनी मिटले. मीही, आयुष्यात पहिल्यांदा. होला घुमत होता. कुणीतरी उठावं म्हणून मी देवाची करुणा भाकत होते. कुणी उठलं नाही. सगळ्यांना तहानलेल्याला पाणी द्यायचं होतं. नाकारलेलं ओगराळं हातात धरून उन्हात उभं राहायचं मात्र कुणालाच नव्हतं. मलाही नाही.

"बसा बाई," पाळकबाबा शेवटी म्हणाले. "तुम्ही मोकळ्या आहात. मीच चुकलो."

आई बसली. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखी लांब श्वास घेऊन बसली.

सोमवारी पहाटे मला जाग आली ती घागरीच्या आवाजाने. आई चुंबळ वळत होती.

"आता काऊन चालली?" मी अंथरुणातूनच विचारलं. "सोडलं ना तुले?"

"सोडलं ना," ती म्हणाली. "म्हून तं चालली. आज मी माह्या मनानं चालली."

मी थोडा वेळ तशीच पडून राहिले. मग उठले, आणि दुसरी घागर घेतली. आईने स्वतःच्या डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या डोक्यावर ठेवली आणि आपल्यासाठी लुगड्याच्या पदराची दुसरी वळली.

भाचा गाडीचा भोंगा वाजवतोय. वाजवू दे. त्याला सांगितलं तरी कळायचं नाही, की त्या पहाटे मातीचा रस्ता पायांना किती गार लागला, आणि घागरीतलं पाणी खांद्यावरून पाठीत ओघळलं तेव्हा आम्ही दोघी कशा खिदळलो.

ती बाई त्याच दिवशी आली. मासोळ्या विकून बाजाराकडून परतत होती. टोपलं रिकामं, पण झिंग्यांचा वास ती येण्याआधीच येऊन पोचलेला. तलावापलीकडच्या ढिवरांच्या वस्तीतली असावी. काळीभोर, उंच, गुडघ्यापर्यंत कासोटा. मांडवात शिरली, टोपलं खाली आपटलं, आणि ओंजळ पुढे करून म्हणाली, "पानी कोनाचं?"

आई सरळ उभी राहिली. "आमचं," ती म्हणाली. "किरिस्तावाचं."

"ते तं दिसूनच राह्यलं," बाई वैतागून म्हणाली. "कोन्या हिरीचं म्हंतो मी. ओत ना लवकर!"

आई ओतायला लागली. ती इतक्या घाईने ओतत होती की निम्मं पाणी बाईच्या कोपरावरून जमिनीवर पडत होतं. बाई पीत होती. घटघट असा जो आवाज लिहितात तो मी तेव्हा प्रथम ऐकला. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. एक ओगराळं झालं, दुसरं झालं, तिसरं. चौथ्याचं तिने तोंड धुतलं, मान धुतली, उरलेलं टोपल्यावर शिंपडलं.

ती का प्यायली ते मला आजही ठाऊक नाही. पुढे कुणी विचारलं की आई एवढंच म्हणायची, "तान लागली होती तिले."

पदराने तोंड पुसत बाईने टोपलं उचललं आणि नाक मुरडलं. "मचूळ हाये पानी तुमचं. वाळा टाकून का होते? नदीच्या रेतीत झिरा कोरा, गोड लागते. इतकी मेहनत करता, अन् असं पानी पाजता लोकायले!" आणि तरातरा निघून गेली. तिचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

पुढे आई खरंच नदीच्या रेतीत हातभर खड्डा करून, पाणी झिरपेल असा झिरा कोरू लागली. खेप मैलभर लांबली, पण झिऱ्यातलं पाणी कुणाच्या विहिरीचं नसतं, आणि 'नदीचं' म्हटल्यावर काही गाडीवानांनी पुढचा प्रश्न विचारायचं सोडून दिलं. सगळ्यांनी नाही. काही शेवटपर्यंत कोरड्या ओठांनी पुढे गेले, आणि आई त्यांच्यासाठीही रांजण भरत राहिली. त्या उन्हाळ्यानंतर आणखी सहा उन्हाळे भरत राहिली. कधी मी, कधी बाबा, एका वर्षी चक्क पाळकबाबा धोतर खोचून घागर घेऊन. त्या सेवेसाठी देवळात पुन्हा कधी डोळे मिटावे लागले नाहीत.

पण मला आठवते ती त्या सोमवारची संध्याकाळ. बाबा शाळेतून आले तेव्हा आई दारातच उभी होती. घामाने लुगडं अंगाला चिकटलेलं, नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला, आणि चेहरा असा फुललेला की बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, हिला ऊन तर लागलं नाही ना म्हणून.

"अवो, आयकलं का," ती म्हणाली, "आज एका बाईनं माह्या पान्याले नाव ठेवलं! मचूळ हाये म्हने."

बाबा गोंधळले. "मंग हासून काऊन राह्यली तू?"

"नाव ठेवाच्या आंधी प्या लागते ना जी!" आई म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला धरून रडायला लागली.